वाड्या आणि पाणंदी

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कणकवली मागें पडल्यावर आणि कुडाळ येण्याच्या आधीं, कसाल हें गांव लागतें. येथून एक रस्ता फुटतो, तो कट्ट्यावरून मालवणास समुद्राशीं जाऊन थांबतो. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याचें वैभव आहे, सावंतवाडीस लांकडी खेळण्यांची कीर्ति आहे. कसालास आहे तो तिठा. तिठ्यावर कांहीं निपजत नाहीं. तेथें माणूस एका गाडींतून उतरतो, दुसऱ्या गाडींत बसतो, आणि मधल्या वेळांत चहा पिऊन कोणास तरी वाट विचारतो. तथापि हा तिठा नसता, तर मालवणच्या मासळीस आणि मालवणच्या माणसास जग किती लांब पडलें असतें, याचा विचार करणारे थोडे. जोडणाऱ्या गोष्टींचें असेंच असतें. त्या नीट असतात तोंवर त्यांजकडे कोणाची दृष्टि जात नाहीं. त्या बिघडल्या म्हणजे मात्र सर्वांचेंच अडतें.

हा विचार सुचण्याचें कारण आमचा व्यवसाय. मुंबईंतील एका मोठ्या कंपनीच्या नोकरींत आमचीं शेवटचीं सहा वर्षें ज्या कामांत गेलीं, तें काम काय होतें, हें गांवीं येऊन राहिल्यावर शेजाऱ्यांस समजावून सांगणें आम्हांस कठीण जाऊं लागलें. कंपनीच्या आंतल्या आंत चालणाऱ्या संकेतस्थळांची व्यवस्था लावणें आणि तीं एकमेकांस जोडणें, असें त्याचें वर्णन आमच्या नेमणुकीच्या पत्रांत होतें. तें ऐकून एक वयोवृद्ध शेजारी क्षणभर विचारांत पडले आणि म्हणाले, “म्हंजे तुमी तिठ्यार उभे रवान लोकांक वाट दाखयत होतास!” याहून नेमकें वर्णन आम्हांस सबंध सहा वर्षांत कोणी ऐकविलें नव्हतें.

इंट्रानेट हा शब्द आतां कचेऱ्यांतील लोकांच्या तोंडीं रुळला आहे. तरी ज्यांचा त्याच्याशीं संबंध आला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें इष्ट आहे. ज्या तंत्रानें जगाचें जाळें चालतें, त्याच तंत्रानें कंपनी आपल्या नोकरांपुरतें एक खाजगी जाळें उभारते. बाहेरच्या माणसास त्यांत प्रवेश नसतो. रजेचे नियम, वेतनाचीं पत्रकें, यंत्रांचे नकाशे, परिपत्रकें, फोन क्रमांकांच्या याद्या, अपघात झाल्यास काय करावें याच्या सूचना, हें सर्व त्यांत असतें. परंतु हें जाळें एका दिवसांत एका हातानें विणलें जात नाहीं. आधीं हिशेब खातें आपल्यापुरतें एक स्थळ काढतें. तें पाहून खरेदी खात्यास वाटतें, आपलेंहि असावें. मग दूरचा एखादा कारखाना आपलें निराळें मांडतो. कोणा हौशी तरुणानें फावल्या वेळांत एखादें उभें केलेलें असतें. तो नोकरी सोडून जातो आणि त्याचें स्थळ मागें राहतें. दहा-पंधरा वर्षें गेलीं म्हणजे कंपनीजवळ माहिती भरपूर असते, पण ती कोठें आहे ही माहिती कोणाजवळच नसते.

ही अडचण एकट्या आमच्या कंपनीची होती असें नाहीं. किंबहुना, जगाचें जाळें जन्मास आलें तेंच मुळीं या अडचणींतून. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेंत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्च महिन्यांत आपल्या वरिष्ठांस एक टिपण सादर केलें. साऱ्या विश्वाचें ज्ञान एकत्र करण्याची प्रतिज्ञा त्यांत नव्हती. तक्रार अगदीं घरगुती होती. संस्थेंत माणसें हजारों, त्यांतलीं पुष्कळ दोनेक वर्षें राहून निघून जाणारीं, आणि तीं गेलीं म्हणजे कोणतें काम कोणीं, कां व कसें केलें हें शोधतां शोधतां मागच्यांचा जीव मेटाकुटीस येई. बर्नर्स-ली यांचें म्हणणें असें होतें कीं, माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणें वरून खालीं मांडून हा प्रश्न सुटणार नाहीं. कोणत्याहि कागदापासून कोणत्याहि कागदाकडे जातां येईल असे दुवे पाहिजेत. या नव्या तंत्राचा सर्नमध्यें पहिला खरा व्यवहारोपयोग झाला, तो संस्थेच्या फोन क्रमांकांची यादी सर्वांस घरबसल्या पाहतां येण्यासाठीं. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें हें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें, आणि मग त्याचा जो विस्तार झाला तो सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे ज्याला आज आपण जग जोडणारें जाळें म्हणतों, तें आरंभीं एका कचेरीनें आपलें घर सावरण्यासाठीं केलेला उपाय होता. घर सावरण्याचें तें मूळ काम मात्र असंख्य कचेऱ्यांत अद्याप तसेंच पडून आहे, ही त्यांतली गंमत.

आमच्याकडे काम आलें तेव्हां आम्हीं प्रथम मोजदाद केली. वरिष्ठांस वाटत होतें कीं अशीं स्थळें दहा-बारा असतील. शोध घेतां ४७ निघालीं. फोन क्रमांकांच्या याद्या ३ होत्या आणि तिन्ही परस्परांशीं भांडत होत्या. रजेच्या अर्जाचे नमुने ४ होते. त्यांपैकीं कोणता चालतो, हें ज्याच्या टेबलावर अर्ज जाई त्यासच माहीत. दोन स्थळें अशा खात्यांचीं होतीं, कीं जीं खातीं मोडून कित्येक वर्षें लोटलीं होतीं. ओसाड घरांत दिवा जळत राहावा तशीं तीं चालूच होतीं. शब्दांचे अर्थहि स्थळागणिक बदलत. ‘सुरक्षा’ हा एकच शब्द घ्या. कारखान्यांतील माणसास त्याचा अर्थ यंत्रांत हात न सांपडणें हा. फाटकावरच्या माणसास त्याचा अर्थ पहारा. आणि संगणक खात्यास त्याचा अर्थ परवलीचा शब्द दर तीन महिन्यांनीं बदलणें. तिघेहि आपापल्या परीनें बरोबरच होते. परंतु यंत्राजवळ काम करणारा नवखा मुलगा ‘सुरक्षा’ म्हणून शोधूं लागला, म्हणजे त्याच्यापुढें प्रथम परवलीच्या शब्दाचे नियम येत.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, कागदांचा घोळ तो! थोडा वेळ जाईल, दोन फोन अधिक करावे लागतील. एवढ्यानें कोणाचें काय बिघडतें? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका बाईंच्या अर्जानें दिलें. कंपनीच्या एका कारखान्यांतील फिटर आजारी पडून वारला. मयत नोकराच्या कुटुंबास एकरकमी साहाय्य देण्याची कंपनीची योजना होती. घरांतील क्रियाकर्में, सासरचें आजारपण आणि दाखले मिळवितांना झालेले हेलपाटे यांत दिवस जाऊन बाई नवव्या महिन्यांत चौकशीस आल्या. कचेरींतील कारकुनानें पडद्यावर नियम काढून पाहिला. अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा, असें तेथें स्वच्छ लिहिलें होतें. त्यानें तें बाईंस वाचून दाखविलें, आणि बाई उठून गेल्या. वास्तविक ही मुदत त्यापूर्वींच वाढवून दोन वर्षांची करण्यांत आली होती. सुधारलेलें परिपत्रक मुख्य कचेरीच्या स्थळावर होतें, जुना नियम कारखान्याच्या स्थळावर होता, आणि या दोहोंमध्यें एकहि दुवा नव्हता.

पुढें वर्षभरानें दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहत असतां ही विसंगति आमच्या नजरेस आली. कोणाकोणास असें परत पाठविलें गेलें याची चौकशी झाली, आणि मुदत अद्याप उलटली नसल्यामुळें बाईंस त्यांची रक्कम मिळाली. परंतु मधल्या काळांत थोरल्या मुलीचें कॉलेज सुटलें होतें, तें पुन्हां जुळलें नाहीं. तो कारकून दुष्ट नव्हता, आळशीहि नव्हता. डोळ्यांसमोर दिसलें तें त्यानें खरें मानलें. कोणी कोणास फसविलें नव्हतें. एके काळीं खरा असलेला कागद आणि आज खरा असलेला कागद यांच्यामधली वाट तेवढी कोणी बांधली नव्हती. त्या दिवसापासून या कामास कोणी कागदांची आवराआवर म्हटलें म्हणजे तें आम्हांस रुचेनासें झालें.

अशा घोळावर पहिला उपाय सुचतो तो सर्व मोडून एक करण्याचा. आमच्या कंपनींतहि तो सुचला. बाहेरून सल्लागार आले; ४७ स्थळें बंद करून त्यांच्या जागीं एकच भव्य स्थळ उभारावें, सर्वांनीं आपला मजकूर एका मध्यवर्ती कचेरीकडे धाडावा, आणि तिनें तपासून तो प्रसिद्ध करावा, अशी योजना त्यांनीं रंगीत चित्रांसह मांडली. दिसण्यांत ती फार सुरेख होती. वर्षाच्या आंत काय झालें तें सांगतों. मध्यवर्ती कचेरींत माणसें तीन, आणि मजकूर धाडणारीं खातीं तीसांवर. एक फोन क्रमांक बदलावयाचा तर पंधरा दिवस लागूं लागले. तेव्हां खात्यांनीं तक्रार करणें सोडून दिलें आणि आपापल्या कोपऱ्यांत पुन्हां लहान लहान स्थळें गुपचूप काढलीं. मोजदाद पुन्हां केली असती तर आंकडा पूर्वीपेक्षां वाढलेला निघाला असता.

हें असें कां व्हावें, याचें उत्तर आम्हांस आमच्या गांवाच्या रचनेंत दिसतें. देशावरचें खेडें पाहावें, तर घरास घर लागून सारी वस्ती एका गांवठाणांत गोळा झालेली, भोंवतीं शेतें. कोंकणांतील खेडें तसें नसतें. येथें गांव म्हणजे वाड्यांचा समूह. ही वाडी टेंकडीच्या उतारावर, ती ओहोळापलीकडे, तिसरी देवळामागें. प्रत्येकीची विहीर निराळी, कुणगे निराळे, माड-पोफळी निराळ्या. जेथें पाणी तेथें बाग, आणि जेथें बाग तेथें घर, असा हा क्रम आहे. उद्यां कोणी अधिकारी येऊन म्हणाला कीं, हा पसारा गैरसोयीचा आहे, सर्व वाड्या मोडून माळावर एका रांगेंत घरें बांधा, तर गांव सुटसुटीत दिसेल खरा; पण बागेस पाणी कोण घालील? कंपनींतील खात्यांचेंहि असेंच आहे. ज्या खात्यास एखादी माहिती रोज लागते, तेंच खातें तिची निगा राखतें. ती माहिती त्याच्या अंगणांतून उचलून दूर माळावर नेऊन ठेवली, कीं ती वाळलीच. वाड्या मोडावयाच्या नाहींत. वाड्यांमधल्या पाणंदी बांधावयाच्या, एवढेंच आमच्या सहा वर्षांच्या कामाचें सार आहे.

दुसरा उपाय सुचतो तो शोधयंत्राचा. बाहेरच्या जगांत एक शब्द लिहिला कीं हवें तें पान वर येतें, मग कंपनींतच कां येऊं नये? हा प्रश्न आम्हांस प्रत्येक सभेंत विचारण्यांत येई. त्याचें उत्तर असें आहे. १९९८ सालीं स्थापन झालेल्या गूगलचें आरंभीचें यश, कोणत्या पानाकडे किती आणि कसल्या पानांनीं दुवे दिले आहेत हें मोजण्याच्या युक्तींत होतें. बाहेरच्या जाळ्यांत कोट्यवधि लोक आपण होऊन एकमेकांच्या पानांकडे बोट दाखवितात. तें बोट दाखविणें म्हणजे एक प्रकारची साक्षच. कंपनीच्या आंत ही साक्ष देणारा कोणी नसतो. तेथें माणूस आपलें पान लिहितो आणि मोकळा होतो. शेजारच्या खात्याच्या पानाकडे दुवा देण्याचें त्याच्या मनांतहि येत नाहीं. म्हणून तेंच यंत्र घरांत आणून बसविलें, तरी जुना नियम आणि नवा नियम यांतला थोर कोण, हें त्यास कळत नाहीं. यंत्र साक्षी मोजतें. साक्षी माणसांनींच द्यावयाच्या असतात.

तेव्हां आम्हीं तिसऱ्याच मार्गानें जाण्याचें ठरविलें. पहिला नियम असा केला कीं, प्रत्येक माहितीचें घर एक असावें. इतरांनीं तिची नक्कल ठेवूं नये, तिच्याकडे जाणारी वाट ठेवावी. या नियमांत नवें कांहीं नाहीं. आमच्या गांवच्या तलाठ्याचें दप्तर पिढ्यान्‌पिढ्या याच नियमानें चालत आलें आहे. सातबारा हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा या दोन निरनिराळ्या पत्रकांचें तें जोडनांव आहे, हें पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं. सातमध्यें जमिनीचा हक्क, बारामध्यें तीवरील पीक. हक्क कसा पालटला याची सविस्तर हकीकत सातबाऱ्यावर लिहीत बसत नाहींत. तेथें फेरफाराचा केवळ क्रमांक असतो, आणि ती हकीकत पाहावयाची तर तो क्रमांक घेऊन गांवनमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडावी लागते. एका माणसाच्या नांवें गांवांत एकंदर किती जमीन आहे, हें आठ-अमध्यें सांपडतें. संगणक येण्याच्या कितीतरी आधीं हे दुवे शाईनें लिहिलेले होते. कोंकणांत एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस हिस्सेदारांचीं नांवें. तरीहि पणजोबापासून आजवरची वाट त्या क्रमांकांवरून मागें मागें चालत जातां येते. कोर्टांत उभा राहिलेला शेतकरी जाणतो कीं, त्या एका क्रमांकावर आपलें घरदार अवलंबून आहे.

दुसरा नियम नांवांचा. नांवें सारखीं असतात आणि नांवें बदलतात, या दोन्ही गोष्टी जोडणाऱ्यास छळतात. देऊळवाडी कोंकणांत गांवोगांवीं आहे. नुसतें देऊळवाडी लिहून धाडलेलें पत्र कोणत्या देवळाशीं जाईल? भारताच्या टपाल खात्यास हाच प्रश्न देशभर पडला होता, आणि त्याचें उत्तर ज्यांनीं शोधलें ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतले, संस्कृतचे कवि, आणि टपाल-तार खात्यांतील वरिष्ठ अधिकारी. त्यांनीं आंखलेली पिनकोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. सहा आंकड्यांतील पहिल्यानें देशाचा विभाग कळतो, दुसऱ्यानें उपविभाग, तिसऱ्यानें टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, आणि शेवटच्या तिन्हींनीं टपाल वांटणारी कचेरी. या योजनेंतील शहाणपण असें कीं, कोणत्याहि गांवास आपलें नांव बदलावें लागलें नाहीं. नांव ज्याचें त्यानें ठेवावें, भाषा ज्याची त्यानें वापरावी. फक्त जोडीला एक न बदलणारा क्रमांक लिहावा. आम्हींहि कंपनींतील प्रत्येक नियमास आणि प्रत्येक नमुन्यास असा क्रमांक दिला. मग ‘सुरक्षा’ म्हणणारे तिघे आपापल्या परीनें म्हणत राहिले, आणि तरी वाट चुकेनाशी झाली.

नांवें बदलतात तेव्हां काय करावें, हेंहि आमच्या मुलखानें आम्हांस शिकविलें आहे. १ मे १९८१ पर्यंत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांत होतों. त्या दिवशीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. शेजारच्या ओरोसास जिल्ह्याचें ठाणें येऊन सिंधुदुर्गनगरी हें नांव मिळालें, तरी एस्. टी. तला उतारू अजून ओरोसचेंच तिकीट मागतो. हमरस्ता पूर्वीं १७ क्रमांकाचा होता, २०१० च्या नव्या क्रमवारींत तो ६६ झाला. जुन्या दस्तऐवजांतील चतुःसीमांत १७ आहे, नव्यांत ६६ आहे, आणि रस्ता तोच आहे. जुनें नांव खोडून टाकलें, तर जुन्या नांवानें येणारा माणूस रस्त्यांतच राहतो. म्हणून जुन्या नांवाच्या जागीं पाटी ठेवावी, आणि तिनें आलेल्यास मुकाट्यानें नव्या घरीं पोंचवावें. संगणकाच्या तंत्रांत ही सोय एका ओळीच्या सूचनेनें करतां येते. पण ती करण्याची आठवण ठेवणारें माणूस पाहिजे. बाईंच्या प्रकरणांत जुन्या नियमाच्या पानावर अशी एक पाटी असती, तर पुढचें कांहींच झालें नसतें.

तिसरी गोष्ट मांडणीची. कंपनीची मांडणी खात्यांप्रमाणें असते, आणि म्हणून स्थळांचीहि तशीच करावी असें वरिष्ठांस वाटतें. परंतु नोकराच्या मनांत खातीं नसतात, कामें असतात. आम्हीं एक जुनी साधी युक्ति योजिली. शंभर विषय शंभर कार्डांवर लिहिले, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांस एकेकट्यास बसवून सांगितलें कीं, तुम्हांस जीं एकत्र असावीं असें वाटतें त्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यांस नांवें द्या. खात्यांचें नांव एकानेंहि दिलें नाहीं. ‘मूल झालें’, ‘बदली झाली’, ‘यंत्र बंद पडलें’, ‘घरीं आजारपण’, अशीं नांवें गठ्ठ्यांवर पडलीं. ग्रंथालयशास्त्रांत ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें ते एस्. आर. रंगनाथन यांनीं १९३१ सालींच वाचकाचा वेळ वांचविणें हें ग्रंथालयाचें कर्तव्य ठरविलें होतें. आणि एकच ग्रंथ अनेक अंगांनीं शोधतां यावा अशी वर्गीकरणाची पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध केली होती. कार्डांचे ते गठ्ठे पाहतांना आम्हांस त्यांची पुष्कळ आठवण झाली.

एकच वस्तु अनेक मांडण्यांत असूं शकते, याविषयीं ज्यास शंका असेल त्यानें आमच्या कसालाकडे पाहावें. आमचा तालुका कुडाळ. महसुलाच्या दृष्टीनें आम्ही कोंकण विभागांत, त्याचें ठाणें नव्या मुंबईंत बेलापुरास. टपालाच्या दृष्टीनें आम्ही घाटावरचे. आमच्या पिनकोडाचे पहिले तीन आंकडे कोल्हापूर-सांगलीचेच, म्हणजे ४१६. विद्यापीठ मुंबईचें. उच्च न्यायालयाचें काम पूर्वीं मुंबईस चाले, तें १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलें. यांतली कोणती मांडणी खरी? सर्वच खऱ्या. ज्याचें जें काम, त्यास ती वाट. गांव मात्र होता तेथेंच आहे. माहितीचें घर एक असावें, हें आम्हीं वर म्हटलें. तिच्याकडे येणाऱ्या वाटा मात्र जितक्या अधिक तितक्या बऱ्या, हें त्यास जोडून म्हटलें पाहिजे.

येथपर्यंत जें सांगितलें तें सर्व तंत्राचें झालें. खरी गांठ त्याच्या पलीकडे असते. प्रत्येक पानाखालीं एका माणसाचें नांव आणि पुन्हां तपासण्याची तारीख लिहावी, असा नियम आम्हीं मांडला, तेव्हां जो विरोध झाला तो अन्य कशासहि झाला नव्हता. पान आमचें आहे असें म्हणावयास सर्व तयार. त्याखालीं नांव घालावयास कोणी तयार नाहीं! माहिती हातीं असणें हा मान असतो, आणि ती विचारण्यासाठीं लोकांनीं आपल्या टेबलाशीं यावें यांत एक सुख असतें. वाट उघडी केली कीं तें सुख जातें आणि मागें केवळ जबाबदारी उरते. आमच्याकडे प्रत्येक वाडीस राखणदार असतो अशी लोकांची श्रद्धा आहे. रात्रीं-अपरात्रीं चुकल्या माणसास तो बांधाबांधानें घरीं पोंचवितो असें म्हणतात. पानाखालच्या माणसास आम्ही राखणदार म्हणूं लागलों. नांवांत कांहीं जादू असावी. मालक होण्यास कां-कूं करणारे लोक राखणदार होण्यास हळूहळू कबूल झाले. एका वर्षांत ४७ पैकीं ४१ स्थळांवर अशीं नांवें लागलीं. उरलेल्या सहांचा वाली निघालाच नाहीं, तेव्हां तीं बंद केलीं. आणि त्यांच्या जागीं, ही माहिती आतां कोठें मिळेल हें सांगणारी पाटी ठेवली.

सर्वच उघडें करावें असा आमचा आग्रह नव्हता. कोणाच्या आजाराचा दाखला, कोणाची चौकशी, कोणाचें वेतन, हें झांकलेलेंच असलें पाहिजे. परंतु झांकण्याच्या वस्तु फार थोड्या असतात, आणि त्यांच्या आडोशानें पुष्कळ निरुपद्रवी वस्तु उगीच कुलुपांत पडतात. नियम कुलुपांत असणें याहून मोठें व्यंग आम्हीं पाहिलें नाहीं. नियम पाळावयाचा ज्यानें, त्यासच तो वाचतां येऊं नये, आणि तो मोडल्याचा जाब मात्र त्यासच विचारला जावा, हा कोठला न्याय?

आतां शेवटीं एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि नव्यानें हें काम हातीं घेणाऱ्यांनीं ती विशेष लक्षांत ठेवावी. हें काम पुरें होत नाहीं. कोंकणांतील पाणंदी एकदां बांधून भागत नाहीं. चार महिने पाऊस कोसळतो, गडगे ढांसळतात, रान माजतें, ओहोळ आपली वाट बदलतो; दिवाळीच्या सुमारास वाडींतील माणसें कोयते घेऊन निघतात आणि वाट पुन्हां मोकळी करतात. मागल्या वर्षीं साफ केली होती म्हणून यंदा कोणी घरीं बसत नाहीं. कंपनींत माणसें येतात-जातात, खातीं मोडतात-जुळतात, नियम सुधारतात. तोहि एक पाऊसच आहे. म्हणून वर्षांतून एक आठवडा असा नेमावा कीं, प्रत्येक राखणदारानें आपलीं पानें उघडून पाहावीं, तुटलेले दुवे जोडावे, शिळें झालेलें काढावें, आणि आपल्या अंगणापासून शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत एकदां स्वतः चालून यावें. आम्ही निघतांना हा आठवडा कंपनीच्या दिनदर्शिकेंत घालून आलों. त्या आठवड्यांत काय तपासावें याची जी यादी केली आहे, तींत पहिली ओळ मयत नोकरांच्या कुटुंबांच्या साहाय्याची आहे. ती पहिली कां, हें आज तेथें असलेल्या माणसांपैकीं बहुतेकांस माहीत नसेल. तें माहीत नसलें तरी चालेल. ओळ पहिली राहिली म्हणजे झालें.